साडेदहा महिने

मी, खाली सही करणारा, वय पंचवीस, शिक्षण सहावी पास, धंदा विजेच्या टॉवरवर चढून तारा ओढणे, कामावरचं नाव भिंगरी (एका जागी पाय टिकत नाही म्हणून), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज सुट्टी आहे, जेवलेलो आहे, प्यायलेलो नाही, डोक्यावर कोणी उभं नाही. अक्षर वाईट आहे ते नेहमीचंच, त्यावरून डोकं ठिकाणावर नव्हतं असं कोणी म्हणू नये.

येत्या आठवड्यात आमची टोळी नदीवरची तार ओढणार आहे. गेल्या महिन्यात माझ्या पुढच्या टॉवरवरून एक जण पडला. माझ्या भावाच्या खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि मला तिथे साक्षीला उभं राहायचं आहे. सुट्टी मागितली, मुकादम म्हणाले, नदी ओलांडू, मग जा. कंपनीच्या फॉर्मवर वारसासाठी एकच ओळ आहे. माझं एका ओळीत भागत नाही.

कलम एक. घर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आई गेल्यावर माझ्या नावावर झालेलं. मावशीने जिवंत असेपर्यंत तिथेच राहावं, तिच्यानंतर ते माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं. त्याला घरीदारी टिल्लू म्हणतात, कागदावरचं नाव खटल्यात आहेच. मागच्या खोलीच्या खिडकीतून मी लहानपणी पळायचो, म्हणून आईने तिला खिळे ठोकले होते. ती आता उघडावी. वारा येईल.

कलम दोन. बँकेत जे निघेल ते वकीलबाईंनी खटल्याला वापरावं. उरलं तर मावशीचं. बापाबद्दल कलम नाही.

कलम तीन. माझे पाने आणि पकड टॉवरवरच्या जोडीदाराला. पकड तो दोन वर्षं उसनी म्हणून वापरतोच आहे, आता राजरोस वापरावी. कमरपट्टा कंपनीचा आहे, तो तेवढा परत मागतीलच.

कलम चार. ही माझी खरी मिळकत. टिल्लूचं वय माझ्यापाशी आहे आणि ते माझ्याबरोबर जाऊ नये.

सव्वा वर्षापूर्वी आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याने टिल्लूला आणि आणखी एकाला मोबाईलच्या दुकानात घुसवलं. भर दुपारी, दुकान जेवणासाठी बंद असताना. वॉचमनने जिन्यात अडवलं. टिल्लूने ढकललं. त्यानेच, दुसऱ्याने नाही. तो कोर्टातही हेच बोलला आणि मीही लपवत नाही. वॉचमन तिसऱ्या दिवशी गेला.

शाळेच्या दाखल्याप्रमाणे टिल्लू त्या दुपारी अठरा वर्षं साडेसहा महिन्यांचा होता. म्हणून मोठ्यांचं कोर्ट आणि मोठ्यांचा तुरुंग. खरा तो सतरा वर्षं आठ महिन्यांचा होता, म्हणजे मुलांच्या कोर्टाचा. मधले साडेदहा महिने मी घातलेले आहेत.

आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. ती कामावर गेली की टिल्लूला सांभाळायला मी घरी. जन्माचा कागद नसलेलं पोर आलं की आमचे हेडमास्तर त्याला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान पकडायला लावायचे. कान हाती लागला तर पोर सहा वर्षांचं. टिल्लू पाच वर्षं दीड महिन्याचा होता, त्याची बोटं कानाच्या चार बोटं वर संपायची. मी आठवडाभर त्याच्याकडून घोटून घेतलं: मान जराशी कलती करायची, खांदा उचलायचा आणि हसायचं. हसलं की मास्तर मानेकडे बघत नाहीत. तो असा गोड हसला की मास्तरांनी त्याला स्वतःच्या हाताने पहिलीत बसवलं. जन्मतारीख माहीत नसलेल्या सगळ्या पोरांना ते शाळा उघडायच्या दिवशीच जन्माला घालायचे. टिल्लूलाही घातलं, सहा वर्षं मागे मोजून.

मी आईला सांगितलं होतं, लवकर शिकेल. खरं कारण ते नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं. तो शाळेत बसला आणि तीन महिन्यांत मी सातवी सोडून एका ठेकेदाराबरोबर निघून गेलो.

टिल्लू घरी जन्मला, माझ्या पहिलीच्या निकालाच्या दिवशी. आईला कळा सुरू झाल्या तेव्हा निकालपत्र हातात घेऊनच मी सुईणीकडे पळालो. ती जाडी होती, वाटभर त्याच कागदाने वारा घेत आली. तो कागद मावशीकडच्या ट्रंकेत आहे, त्यावर तारीख आणि शाळेचा शिक्का आहे. सुईण गेली, आई गेली. त्या दिवसाचा साक्षीदार मी एकटा उरलो. सरकारी डॉक्टरांनी टिल्लूची हाडं तपासून 'सतरा ते एकोणीस' असं लिहून दिलं, म्हणजे हाडांनीही हात वर केले. वकीलबाई म्हणतात, दाखला खोटा पाडायचा तर ज्याने खोटं सांगितलं त्यानेच ते सांगायला हवं. म्हणून सांगतो. खोटं मी सांगितलं. टिल्लूने नाही, आईने नाही.

कलम पाच. वॉचमनच्या बायकोला. कोर्टाबाहेरच्या बाकापाशी मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो होतो, माफी मागायला. ती म्हणाली, "तुझ्या भावाचं वय मोजायला एवढी माणसं बसलीत. माझ्या माणसाचं वय कोणी विचारलं का रे?" मी विचारलं. एकावन्न.

तिला पैसे देऊ करू नयेत. माझं कलम चार आणि ते निकालपत्र वकीलबाईंनी आधी तिला दाखवावं, मग कोर्टाला. पोराला सोडवायला भावाने मागाहून रचलं असं तिला वाटेल, मलाही वाटलं असतं. तिने कागद उलटसुलट करून बघावा, काय हवं ते विचारावं. मावशीने उत्तर द्यावं आणि उलट बोलू नये.

कलम सहा. गॅरेजवाल्याला काही नाही. त्याने टिल्लूला सांगितलं होतं, तू अठराच्या आतला, तुला काही होत नाही, चार महिन्यांत घरी येशील. टिल्लूला खरं वय मीच सांगून ठेवलं होतं. गॅरेजवाल्याने त्याला खऱ्या वयावर निवडलं, कोर्टाने खोट्या वयावर धरलं. दोन्ही वयं माझ्याच तोंडची.

गल्लीतल्या न्हाव्याला एक गोष्ट. त्याच्या दुकानात टीव्हीवर बातमी चालली होती, अल्पवयीनांचे गुन्हे वाढले म्हणून. तो वस्तरा हवेत धरून म्हणाला, वयाची अट सोळावर आणा, दोन-चार आत गेले की बाकीचे सुतासारखे सरळ होतील. मी अर्ध्या दाढीने उठून आलो. न्हावीदादा, तुमचा मुलगा रोज संध्याकाळी त्याच गॅरेजवर बसतो. तो आता सोळाचा आहे. हे मी कोणाला बोललेलो नाही. मावशीने एवढा परिच्छेद फाडून न्हाव्याच्या हातात द्यावा, इतरांसमोर वाचू नये.

कलम सात. टिल्लूला.

गेल्या भेटीत जाळीमागून तू म्हणालास, "दादा, वयाचा अर्ज मागे घे. आकडा बदलून काय होणार? माणूस तर गेलाच ना." वेळ संपली आणि मी निघून आलो. मला उत्तर सुचलं ते इथे टॉवरवर, साठ मीटर उंचीवर.

तू मिशी राखतोस आणि आवाज जाड करून बोलतोस, तिथल्या मोठ्या माणसांत लहान दिसू नये म्हणून. रात्री झोप लागते का विचारलं तर लागते म्हणतोस. डोळ्यांवरून कळतं रे. तुला तिथे मी बसवलं. माणूस तू मारलास, ते मी तुझ्यावरून काढून घेऊ शकत नाही आणि तूही काढू नकोस. कोर्ट जी देईल ती शिक्षा घे, पण तुझ्या वयाची घे. वरची माझी आहे.

मी परत आलो तर हा कागद फाडू नये. मी स्वतः उभा राहून हेच बोलेन, आणि मध्येच अडलो तर यावरून वाचेन.

स्थळ : नदीकाठच्या टॉवरखालची पत्र्याची खोली
दिनांक : नऊ मार्च, रविवार, दुपार
सही : भिंगरी

साक्षीदार एक : टोळीचा मुकादम. समोर बसून लिहिलेलं पाहिलं. सही.

साक्षीदार दोन : कँपचा स्वयंपाकी. वाचता येत नाही, म्हणून भिंगरीने सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. कलम सातपाशी भिंगरीने कागद मुकादमाकडे दिला, पुढचं मुकादमाने वाचलं. अंगठा.