पट्टा सैल

३ फेब्रुवारी
तंजावर. काल सगळ्या सामानासकट घरी आले. अकरा वर्षं चेन्नईच्या बँडमध्ये मागे उभी राहून लोखंडी पत्रे बडवले, मशिनांचे आवाज सोडले. आता चार महिने सुट्टी. माझा एकटीचा अल्बम. निघताना सेकर (तोच गातो, बँडही त्याचाच) म्हणाला, "कर, कर. फक्त गाऊ नकोस." सगळे हसले. मीही हसले. का हसले कोण जाणे.
ही वही मराठीत, आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बोलतात त्या भाषेत. बँडमधल्या कुणाला वाचता येणार नाही.

७ फेब्रु.
अप्पांबरोबर पापनाशमला, त्यांच्या जुन्या भातगिरणीत. चौतीस वर्षं फिटर होते तिथे. नवं भात आलेलं, सगळी यंत्रं चालू. नव्या मालकांनी अप्पांसाठी खुर्ची आणली, पण ते बसले नाहीत. हलरवर (भात सोलायचं यंत्र, पट्ट्यावर फिरणारं) तळहात ठेवून उभे. दोन तास रेकॉर्डिंग. नाकातोंडात कोंडा, माईकच्या जाळीतही. एवढी खूश शेवटची केव्हा होते?

१५ फेब्रु.
पहिला ट्रॅक उभा राहिला. हलरची धडधड, आणि मध्येच एक लंगडी उडी. सगळा जीव त्या उडीत. अप्पांना हेडफोन दिला. डोळे मिटून ऐकलं. वाटलं, रडतात की काय.
"पट्टा सैल आहे."
"अप्पा, तेच तर छान लागतंय."
"छान कशास? बिघाड आहे तो. लोक म्हणतील, हा कसला फिटर."
कोण म्हणणार आहे! पण ते हेडफोन काढून उठलेच.

१८ फेब्रु.
सकाळी अप्पा घरात नाहीत. हत्यारांची पिशवी घेऊन पहिल्या बसने गेले, अम्मा म्हणाली. दहा वाजता फोन: "पट्टा आवळला. ये आतां, नीट घे." गेले, घेतलं. सरळ, गुळगुळीत, मेलेलं. खोटं बोलावंसं वाटलं, नाही बोलले. "जुनंच ठेवते, अप्पा." परतीच्या बसमध्ये अप्पा पुढच्या सीटवर जाऊन बसले.

२ मार्च
गाणार आहे. ठरलं. शब्द सापडत नव्हते, आज सापडले. लहानपणी सुट्टीत गिरणीत जायचे, तेव्हा यंत्रांवर आवाज चढवून अप्पा ओरडायचे तेच. हात मागें. वेणी बांध. पट्ट्याकडे बघूं नको, माझ्याकडे बघ. बस, एवढंच गाणं, आपल्या घरच्या मराठीत.
अम्मा: "पुण्याचे लोक हसतील की गं."
हसू देत.

६ मार्च
अप्पांना स्पीकरवर ऐकवलं. शब्द लगेच ओळखले.
"मी एवढा ओरडत होतों?"
"मशिनं चालू असायची ना."
"तूं ओरडत नाहींस."
"नाही. हळू म्हणते."
"तरी ऐकूं येतं," म्हणाले. मग पुन्हा लावायला लावलं. तीनदा!!

२१ मार्च
गाणं सेकरला पाठवलं. दहा मिनिटांत फोन. "हे बँडचं गाणं आहे. तुझा आवाज बारीक, मी गातो. तमिळ करू." तोंडातून सरळ आलं, "नाही सेकर. हे माझं आहे." अकरा वर्षांत त्याला दिलेलं हे पहिलं 'नाही'. तो म्हणाला, "मग परत यायचं की नाही, तेही ठरव."
फोन ठेवला. पेलाभर कॉफी प्यायले. मग, खरं सांगायचं तर, गच्चीत जाऊन नाचले.

१२ एप्रिल
अल्बमच्या कव्हरचा नमुना आला. आतल्या पानावर 'यंत्रं' या शब्दापुढे अप्पांचं नाव घातलंय. चष्मा पुसून वाचलं त्यांनी.
"अजून एक ओळ घाल."
"काय?"
"पट्टा सैल, मुद्दाम ठेवला आहे."
घातली. मराठी, तमिळ, इंग्रजी, तिन्हींत.

५ मे
काल अल्बम बाहेर. माझं नाव, एकटं, मोठ्या अक्षरांत. दिवसभर बघतेय. पुण्याच्या एका मुलीचा मेसेज: "अशी मराठी कधी ऐकली नव्हती. सारखी ऐकतेय." अम्माने तो दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा शेजारणीसमोर. अप्पा जुन्या फिटरांना एकेक करून फोन लावताहेत. "माझी मुलगी. आपली गिरणी वाजवली तिनं. हो, गाते सुद्धां." त्यांच्या तोंडून हे 'गाते सुद्धां' ऐकायला दाराआड उभी राहिले.

९ मे
सेकरचा निरोप. "सोमवारी तालीम आहे. येतेस?" एवढंच. अल्बमबद्दल अक्षर नाही. बँड सोडायचाय का मला? नाही. पुन्हा मागे उभं राहायचंय का? तेही... अजून उत्तर दिलेलं नाही.
ओरत्तनाडूजवळ अप्पांना एक जुनं ऑइल इंजिन सापडलंय, कित्येक वर्षं बंद. चालू करून देतो, तूं आवाज घे, म्हणतात. खाली मोपेडचा हॉर्न वाजवताहेत. जाते.