धाकटीला तळ्यावर नेलं

४ एप्रिल

चि. भिंगरीस,

आजीचे भरभरून आशीर्वाद. वि. वि. मागच्या खेपेला तू पाकिटावर तिकीट लावायला विसरलीस, आणि त्याच्या आधीच्या खेपेला पाकिटात पत्रच घालायला विसरलीस. आपल्या शेजारच्या टेलिफोनबाईंनी पाकीट उलटं करून झटकलं, दिव्यासमोर धरलं, पण आत काही नाही. मी म्हटलं, आजीला वाचता येत नाही, मग शाई कशाला वाया घालवा, असा हिशेब केला असेल पोरीने. लोकांच्या चष्म्याची भिंगं घासतेस, एखादं स्वतःलाही लाव.

इकडे सगळं ठीक. तुझा बाप तळ्यावरच्या पंपघरात सकाळी सातला जातो, तो पायपांशीच संसार करून सहाला येतो. दुपारचा डबा मी नेऊन देते. फाटकावर पाटी आहे, परक्या माणसाला आत बंदी. पाटी मला वाचता येत नाही, म्हणून मी जाते. दोन वर्षांनी त्याची पेन्शन होईल, मग पाटी आणि मी दोघी मोकळ्या.

आता तुझ्या शेवाळाच्या गोळ्यांची खबर. सुट्टीत आलीस तेव्हा काचेच्या बरणीत तीन हिरवे गोळे देऊन गेलीस. त्यांना मारिमो म्हणतात म्हणालीस, आणि खायला लागत नाही, भुंकत नाही, आजी, तुझ्यासारखंच आहे, असंही म्हणालीस. मी त्यांची नावं थोरली, मधली, धाकटी ठेवली. दर आठवड्याला पाणी बदलते, हलकेच पिळते, तळहातावर फिरवून गोल करते. थोरली आणि मधली मजेत आहेत. धाकटी मात्र एका बाजूने पांढरट पडली. झाडाला ऊन लागतंच, म्हणून मी तिला खिडकीत बसवलं होतं. परवा फिरवताना तिच्या अंगातून एक कण हाताला लागला. कलिंगडाच्या बीएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा, कडेला धार. कुठला खडा असेल म्हणून तसाच राहू दिला. हिला काय करू ते कळव.

पण एक आहे. टेलिफोनबाई परवा भावाकडे जाणार, त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मे महिना लागला की येतील. तोवर तुझं पत्र आलं तर उशीखाली बंद राहील. दूधवाला वाचून देतो, पण नंतर सगळ्या गल्लीला वाचून देतो. तुझ्या बापाला द्यावं, तर पत्रात निम्म्या तक्रारी त्याच्याच असतात.

जीव लावलाच आहेस, तो तसाच लावून ठेव.

तुझी,
आजी

(लिहून घेणारी: टेलिफोनबाई. पाटीबद्दलचं वाक्य मी गाळत होते. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं आणि पकडलं.)


९ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. वि. वि. टेलिफोनबाई, हे पत्र आजीला हळू वाचून दाखवा आणि दोनदा वाचा.

आजी, तो खडा नाही. तो जिवंत शिंपला आहे. मी गोळे जिथून घेतले त्या माशांच्या दुकानाच्या दारावर आज मोठा कागद चिकटवला आहे. गेल्या तीन महिन्यांत इथून शेवाळाचे गोळे नेलेल्यांनी ते उकळून टाकावेत, असं लिहिलंय. बाहेरून आलेल्या मालात हे पट्टेरी शिंपले लपून आलेत. मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, बरणीत असतील तर कुणाचं काही बिघडत नाही, पण नदीत, तळ्यात गेले तर संपलं. मिळेल त्याला चिकटतात, एकावर एक थर चढवतात. मांडीएवढा जाड पाइप आतून बंद करून टाकतात. एकदा शिरले की ते पाणी पुन्हा साफ करता येत नाही म्हणे.

मला लगेच बाबांचा पंप दिसला. सगळं गाव त्याच तळ्याचं पाणी पितं.

तू घाबरू नकोस. पत्र मिळताच जुन्या पातेल्यात तिन्ही गोळे पाच मिनिटं खळखळ उकळ. बरणीतलं पाणीही उकळ. मग ते कोरड्या मातीवर ओत, गटारात नाही. बरणी उकळत्या पाण्याने धू. वाईट वाटेल, पण मी तुला दुसरं काहीतरी आणीन. धाकटीच्या पांढरेपणाचं आता मनावर घेऊ नकोस. नुसत्या उन्हाने होतं, गार सावलीत ठेवलं की पुन्हा हिरवी होते.

झालं की लगेच दोन ओळी धाडायला सांग. तोवर माझं लक्ष कामात लागणार नाही. आजच दोन भिंगं उलटी घासली.

माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


३ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आज थट्टा सुचत नाही.

टेलिफोनबाई काल दिवेलागणीला आल्या. मी तुझं पाकीट उशीखालून काढून त्यांच्यापुढे ठेवलं. तीन आठवडे ते माझ्या डोक्याखाली होतं. रोज चाचपून बघायची, या खेपेला आत कागद आहे म्हणून खूश व्हायची. त्यांनी वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला मी त्यांना सांगितलंच नाही. पहिल्यातच सगळं कळलं.

धाकटी बरणीत नव्हती, भिंगरे. मी तिला तळ्यावर नेलं होतं.

तुझं काही कळेना, ती रोज पांढरी पडत चालली. पंधरा तारखेला डबा घेऊन गेले तेव्हा मनात आलं, एवढं गार, सावलीतलं पाणी आहे, चार दिवस माहेरपण करून येऊ दे. कांद्याची जाळीची पिशवी घेतली, धाकटीला आत घातलं, माझ्या परकराच्या नाडीने पंपघराच्या लोखंडी शिडीला तिसऱ्या पायरीशी बांधलं आणि पाण्यात सोडलं. रोज डबा दिला की वाकून बघायची. आठ दिवसांत ती हिरवीगार झाली. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. तुझ्या बापाला कळू दिलं नाही. हसला असता.

आज डबा दिला आणि पिशवी ओढून काढली. आडोशाला बसून मोजले. अकरा. एक तर पिशवीच्या बाहेरच्या अंगाला चिकटला होता. तो बाहेर कसा आला हे माझ्या डोक्यातून जात नाही. मग पायरीच्या खालच्या बाजूला, पाण्यात हात घालून बोट फिरवलं. खरखरीत लागलं. गंज आहे की ते आहेत, मला कळेना. आणखी खाली हात पुरेना. तुझा बाप चार हातांवर जेवत बसला होता. काय करतेस म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, हात धुते.

घरी येऊन तिघींना उकळलं. पाच मिनिटं कुणी मोजायची, टेलिफोनबाई घड्याळ धरून उभ्या होत्या. पाणी हिरवं झालं. कोरड्या मातीवर ओतलं.

आता ऐक. बापाला यातलं अक्षर कळवू नकोस. मी त्या फाटकातून जायलाच नको होतं आणि त्याने मला येऊ द्यायला नको होतं. दोन वर्षं राहिलीत त्याची. कदाचित तो गंजच असेल. मी तसं स्वतःला दिवसभर सांगतेय. संध्याकाळी तो नळ सोडून हात धूत होता. मी पाण्याच्या धारेकडे बघत राहिले, बारीक झाली की काय म्हणून.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

आजी

(त्या म्हणाल्या तसंच लिहिलं. पण माझ्याही घरात त्याच तळ्याचं पाणी येतं. हे माझं मी लिहिते आहे. — टेलिफोनबाई)


७ मे

ती. आजीस,

सा. न. वि. वि. पत्र मिळालं तशी कोपऱ्यावरच्या फोनच्या दुकानात गेले. पंपघराचा नंबर फिरवला. बाबांनी उचलला, हॅलो म्हणाले, मागे पंपाचा आवाज येत होता. मी फोन ठेवून दिला. दोनदा असं केलं. दुसऱ्यांदा ते म्हणाले, अहो, बोला की.

टेलिफोनबाई महिनाभर नाहीत, हे तू मला स्पष्ट कळवलं होतंस. मी विसरले. पत्र टाकताना एकदाही आठवलं नाही. पाकिटावर बाबांचं नाव घातलं असतं, तर पाच दिवसांत ते वाचलं गेलं असतं आणि धाकटी बरणीतच राहिली असती. तू स्वतःला बोल लावू नकोस. गोळे मी आणले, पत्र मी चुकीच्या माणसाला धाडलं.

दुकानदाराला मी दुसऱ्याच कुणाची तरी हकिगत म्हणून सांगितली. त्याने काउंटरवरचा हात मागे घेतला. म्हणाला, मोठे शिंपले वेचता येतात, पण त्यांची पिल्लं डोळ्याला दिसत नाहीत, आणि एकेकाची लाखांनी होतात. झाली असतील की नाही, हे तो सांगू शकत नाही. आत्ता खरवडून काढलं आणि पाण्यावर नजर ठेवली, तर वाचायची आशा आहे. उन्हाळा सरेपर्यंत थांबलं तर नाही. ज्यांचं तळं आहे त्यांना आजच्या आज कळवायला सांगा, म्हणाला.

आजी, तो गंज नसेल तर प्रत्येक दिवस मोलाचा आहे. बाबांची नोकरी मलाही दिसते. रात्री डोळे मिटले की मला त्यांची फाटकाची किल्ली दिसते. पण पाइप बंद पडल्यावर शोध लागला, तर त्यांनी लपवलं असंच सगळे म्हणतील. रविवारपर्यंत तू त्यांना सांग. नाही सांगितलंस, तर सोमवारी मी सांगीन. या वेळी फोन ठेवणार नाही.

रागावलीस तरी टाकू नकोस.

भिंगरी


२८ मे

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. मला धमकी देणारी तू घरातली पहिलीच. तुझ्या आजोबांचीही छाती झाली नव्हती.

रविवारी सकाळपासून सांगायला बसले, पण दर वेळी उठून स्वयंपाकघरात गेले. शेवटी टेलिफोनबाईंना बोलावलं आणि तुझ्या बापाला पत्र लिहवलं. एका घरात राहणाऱ्या लेकाला. चि. अमुक यास, आशीर्वाद, सगळं रीतसर. जेवायला बसला तेव्हा ताटाशेजारी ठेवलं. त्याने आधी हसून विचारलं की आई, तिकीट कुठाय. मग वाचलं. घडी घातली, खिशात ठेवली, ताट सरकवलं आणि बॅटरी घेऊन गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

अंधार पडता पडता आला. बाहेरच्या पायरीवर बसून सांगितलं. तिसऱ्या पायरीवर चार होते, चौथीवर दोन. गंज नव्हता. मग त्याने माझ्यासमोर बसून पाणीखात्याला अर्ज लिहिला. मी म्हटलं, तुझं नाव घालू नकोस, म्हातारी चोरून शिरली असं लिही. त्याने मान हलवली. फाटक मी उघडत होतो, असंच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर बाई आली, बरोबर पाण्यात बुडी मारणारी दोन माणसं. दोन दिवस पंप बंद. गल्लीत टँकर आला, लोक हंडे घेऊन उभे, आणि कुणामुळे ते मला ठाऊक. मीही रांगेत उभी राहिले. मान वर केली नाही. शिडी कापून बाहेर काढली. पाइपाच्या तोंडावरच्या जाळीवर एक सापडला. एकच. पण पिल्लांचं कुणी सांगू शकत नाही. तुझ्या बापाला पंपावरून हलवलं. चौकशी होईपर्यंत तो पाणीबिलाच्या खिडकीत बसतो. पेन्शनचं काय ते चौकशीनंतर. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्या अंगाला ग्रीसचा वास येत नाही.

इंजिनियर बाईने पाण्यात फरशीचे चार तुकडे दोरीने सोडलेत. पिल्लं आधी त्यावर बसतील. डोळ्याला दिसणार नाहीत, पण बोट फिरवलं तर काचकागदासारखं लागेल. खरखरीत पहिल्यांदा कुणाला लागलं, असं तिने विचारलं, तेव्हा मी पुढे झाले. आता दर सोमवारी ती तुकडे फाटकापाशी आणते. मला आत पाऊल टाकायचं नाही, म्हणून मी गजांतून हात घालते. ती स्वतः बघते, मग माझ्यापुढे धरते. काल पहिला सोमवार झाला. डोळे मिटून चारही तुकडे तपासले. गुळगुळीत. हे थंडी पडेपर्यंत चालायचं. भांडी मी आता रबरी हातमोजे घालून घासते, बोटं बोथट व्हायला नकोत. शनिवारपासूनच घास उतरत नव्हता.

तुझा बाप माझ्याशी बोलतो, पण पाव्हण्याशी बोलावं तसं. दिवा घालवू का, आई. दार लावलंय, आई. काल मी फाटकावरून आले तेव्हा दारातच उभा होता. काही नाही म्हणून मी नुसती मान हलवली, तेव्हा आत गेला.

तू स्वतःला फार खाऊ नकोस. पाकिटात पत्र घालायला शिकलीस, हे काही थोडं नाही. आमच्या दोघांवरचा जीव आहे तसा राहू दे.

आजी

ता. क. माझा डबा तो नेत नाही. खिडकीत बसून चहावरच दिवस काढतो, हे त्याच्या शेजारच्या खिडकीतला कारकून सांगून गेला. तर तू आल्याची बिस्किटं पाठव, चांगली दोन किलो, पत्र्याच्या डब्यात, आणि थेट कचेरीच्या पत्त्यावर त्याच्या नावाने. लेकीने पाठवलं म्हटलं की खाईल. मी सांगितलं असं कुठेही लिहू नकोस.