मुक्ताईंचा डावा हात

धायरी, पुणे
७ फेब्रुवारी २००४

प्रिय ललिताताई,
सप्रेम जयभीम.

भाकऱ्या झाल्या होत्या. मी बंबातली राख काढून भांडी घासायला बसले होते. तुम्हाला कॉलेजला उशीर होत होता म्हणून तशीच उठले, हात धुतले आणि तुमची वेणी घालायला घेतली. तुमच्या आई दारात विड्या वळत होत्या. तेवढ्यात तुमचे दादा स्टुडिओतून फोटो घेऊन आले.

पण मी हे मधूनच काय सुरू केलं? आधी खुशाली. तुमच्या भाच्याला, राकेशला रात्रपाळी आहे. रात्रभर अमेरिकेतल्या लोकांशी फोनवर बोलतो आणि दिवसा झोपतो. त्यामुळे घरात मी आणि मिक्सर, दोघंही दबकून असतो. तुमचे दादा जाऊन आता वर्ष होईल. त्यांचा चष्मा अजून कपाटावरच आहे, हलवलेला नाही. तुमचे गुडघे कसे आहेत? नाशिकला थंडी फार असेल.

बुधवारी तुमचा फोन आला, त्याबद्दल लिहायचं आहे. नारायण पेठेतली ती संस्था पेठांमधल्या कष्टकरी बायकांचे जुने फोटो जमा करते आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. भाग्यश्री म्हणून त्यांची मुलगी घरी आली होती. तिला मी सासूबाईंचे दोन्ही फोटो दाखवले. एक मूळचा, तुमच्या कॉलेजच्या वेळचा. दुसरा, तुम्ही मागच्या वर्षी बुधवार पेठेत कॉम्प्युटरवर करून घेतलात आणि विहारात लावायला दिलात तो. तिने दोन्ही शेजारी ठेवले आणि विचारलं, "काकू, या फोटोत मुक्ताईआजींच्या हातावरचं गोंदण कुठे गेलं?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटरवाल्याने धुतलं."

ती हसली नाही. म्हणाली, "मग आम्हाला मूळचाच द्या."

हे तुम्हाला कळलं आणि तुम्ही फोन केलात. "वहिनी, आईचं हसं करू नका. हातावर तुळशीवृंदावन आणि देवाचं नाव! लोक म्हणतील, दीक्षा घेतली तरी देव काही सुटले नाहीत. नवा फोटो द्या, नाहीतर देऊच नका." मी "बघते" म्हणाले. ते काही उत्तर नव्हतं.

आता त्या सकाळचं. फोटोत आई खुर्चीवर, तुम्ही मागे उभ्या. डावा हात मांडीवर उघडा, गोंदण स्वच्छ दिसत होतं. तुम्ही फोटो बघितलात आणि म्हणालात, "आई, हात पदराखाली घ्यायचा ना! आता हा मैत्रिणींना कसा दाखवू? देव विहिरीत सोडले आणि हा हातावर घेऊन फिरतेस."

त्या विड्या वळत राहिल्या. तुमची वेणी पुरी झाली, तुम्ही गेलात. तुम्हाला हे आठवतही नसेल. रोज घरात शंभर गोष्टी बोलल्या जातात.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्यांचा हात भाजला. तव्याचा चटका बसला असं सगळ्यांना सांगितलं. तुम्ही रागावलात, "लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणालात, आणि स्वतः मलम घेऊन आलात.

तो तवा नव्हता, ताई. बिब्बा होता. घरात कोणी नाही असं बघून त्यांनी बिब्ब्याचं तेल काढून गोंदणावर चोळलं होतं. मी नळावरून परत आले तर हात फोडांनी भरलेला, दात आवळून बसलेल्या. म्हणाल्या, "कौशल्ये, ललीला कळता कामा नये. शिकणारी पोर आहे, अभ्यासातून मन उडेल तिचं." जखम चिघळली, ताप चढला. बरी झाली तेव्हा दोन बोटं आखडली होती. पुढे विड्या त्यांच्या हातून पहिल्यासारख्या झाल्या नाहीत. बोटं कशाने वाकडी झाली हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, मीही सांगितलं नाही.

अजून एक आहे. ते लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. शेवटच्या आजारपणात त्या तो फोटो मागायच्या. नजर कमी झाली होती, तरी फोटोतल्या हातावर अंगठा फिरवायच्या. एकदा म्हणाल्या, "गोंदणारीण आली तेव्हा मी एवढीशी होते, ओरडत होते. आईने मला मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं. पुढल्याच साली आई गेली. तिचा फोटो नाही, काही नाही. तिचं तेवढंच होतं माझ्यापाशी."

देव गेले याचं दुःख त्यांनाही नव्हतं, मलाही नाही. बरंच झालं गेले ते. मला तुमच्या दादांनी वाचायला शिकवलं, पुढे मी हाताला लागेल ते वाचत गेले. आपल्या चळवळीवरचं पुष्कळ वाचलं. त्यात मोर्चे आहेत, भाषणं आहेत. मोर्चाला भाकऱ्या बांधून देणाऱ्या बायकांचे हात काही मला कुठे सापडले नाहीत.

तुम्हाला दुखवायला हे लिहीत नाही. तुम्ही लहान होतात. वर्गात तुमच्याकडे कशा नजरेने बघायचे ते मला माहीत आहे. आपण सगळेच तेव्हा मागचं पुसायच्या घाईत होतो. त्यांनी मात्र स्वतःच्या अंगावरचं पुसलं, आणि ते तुमच्यासाठी. आता फोटोतलंही पुसायचं, हे माझ्याने होणार नाही.

तुमचा फोन बुधवारी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बसने नारायण पेठेत गेले आणि मूळचा फोटो दिला. भाग्यश्रीने हाताचं विचारलं, तेव्हा बिब्ब्याचंही सांगितलं. तुमचं नाव घेतलं नाही.

तुमच्या आईची सून,
कौशल्या