आईच्या सौनात विचारलेलं

तौनो,

प्रिय लिहायला हात वळत नाही.

अख्खी सकाळ बसमध्ये काढून मी गावी आले, ती आई गेल्यानंतर एकदा तरी तिच्या सौनात, त्या वाफेच्या खोलीत, बसावं म्हणून. तू तळ्याचं पाणी ओतायचं सोडून तापल्या दगडांवर लिंबाच्या वासाचं काहीतरी ओतलंस. फरशी पुसायच्या बादलीत बसल्यासारखं वाटलं. वर बिअरचा ढेकर देऊन म्हणालास, "ताई, घर विकू या. गिऱ्हाईक आलंय. ही वासाची बाटलीही त्यानंच दिलीय."

सौनात भांडायचं नाही, ही आईची शिस्त. मी ओठ आवळून बसले. तू आणखी एक पळी ओतून हसलास, "म्हणजे तुझी हरकत नाही."

बाहेर विचारायची हिंमत नव्हती तुझी. आईची शिस्त आईचंच घर विकायला वापरलीस. किळस आली मला. तो वास अजून केसांतून जात नाही.

हे पत्र टाकणार नाही. शनिवारी, सौनाच्या ठरल्या दिवशी, तुझ्याआधी पोचून याच कागदानं सौनाची चूल पेटवीन. तू आलास की पायरीवरच दार अडवून सांगेन, नाही.

मग आत ये. पाणी तळ्याचंच असेल.

ऐली