बोरीच्या ज्वारीतली झांज

दारव्हा,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप पुष्पाआत्यांच्या चरणी उर्वशीचा दंडवत. मोतीबिंदू काढल्यापासून तुम्हाला समोरच्या घरच्या वाळवणातले पापड मोजता येतात असं कळलं, जिवाला बरं वाटलं. दुसऱ्या डोळ्याचीही सोय पाहून अक्षर जरा मोठं काढलं आहे. इकडे आई बरी, बाबा बरे (बीपीची गोळी सुरू आहे, आवाज मात्र पहिल्यासारखाच). फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि मग अर्धी गल्ली माझी विचारपूस करते. ही गोष्ट गल्लीची नाही.

माझं वेड तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसभर मी सरकारी दवाखान्याकडून गावोगाव जनावरांना लशी टोचत फिरते आणि संध्याकाळी घरामागे रंगाचा रिकामा डबा, घमेलं आणि कुकरचं झाकण मांडून जॅझ वाजवते. जॅझ म्हणजे काय असं तुम्ही दिवाळीत विचारलं होतं आणि मला नीट सांगता आलं नव्हतं. आता बाबुलालकाकांच्या शब्दांत सांगते. (बाबुलालकाका म्हणजे आमच्या मागच्या घरचे, चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेले. तरुणपणी नागपूरच्या एका हॉटेलात गोव्याच्या एका म्हाताऱ्याकडून त्यांनी जॅझच्या तीन चाली उचलल्या आणि पुढे जन्मभर मनातच वाजवल्या, कारण वरातीत तसलं काही वाजवलं असतं तर घोडासुद्धा थांबला असता.) काका म्हणतात, भरली गाडी उतारावर आली की बैल अंग मागे रेटत, सावरत उतरतो, पण पाऊल चुकवत नाही, तसा हा ताल. आणि तो ताल डब्यावर निघत नाही, घमेल्यावर निघत नाही. त्याला खरा ड्रमसेट लागतो आणि त्यात एक मोठी, जुनी झांज लागते.

तसा सेट दारव्ह्यात कुठून मिळावा? आणि मिळाला तरी डब्याचं वर्ष सोसल्यावर बाबांनी मला देवासमोर उभं करून वदवून घेतलं होतं की यापुढे वाजणारी एकही वस्तू उंबरा ओलांडून आत येणार नाही. त्यात काकांचे दात. सगळे हलायला लागले होते आणि डॉक्टरांनी चोवीस जानेवारीला ते सरसकट काढायचं ठरवलं होतं. क्लॅरिनेट वरच्या दातांवर पेलतात. मी कवळीचं नाव काढलं, तर म्हणाले, "बेटा, कवळीनं भाकर तुटते, सूर नाही निघत." त्यांची एकच इच्छा होती, त्या तीन चाली एकदा खऱ्या ड्रमसोबत वाजवायच्या. ती त्यांनी मला दोनदा सांगितली आणि तिसऱ्यांदा सांगायची टाळली, त्यामुळे मला झोप लागेना.

तर सोळा तारखेला मी बोरी अरबला लाळ्या-खुरकुताची लस टोचत होते. एका गोऱ्ह्याची मान धरली आणि शेजारच्या ज्वारीतून आवाज आला. आत्या, तो कसा सांगू? भरल्या विहिरीत तांब्याची घागर काठाला लागावी, आवाज आधी खोल खाली जावा आणि मग सावकाश वर येऊन आपल्या छातीत बसावा, तसा. पुन्हा आला, मग तीनदा आला, आणि मधला ठोका जरासा रेंगाळून. बैल उतारावर होता. मी त्याच गोऱ्ह्याला दुसऱ्यांदा टोचणार होते, मालकानं माझा हात धरला म्हणून तो वाचला.

ज्वारीत शिरले. निंबाखाली राखणीचा माळा, माळ्यावर सत्तरीच्या एक बाई, आणि फांदीला दोरीनं लटकलेली परातीपेक्षा मोठी पितळी झांज. पोपटांचा थवा उतरला की बाई पळसाच्या काठीनं कडेवर जोरात हाणत, आणि थवा नसला की डुलकी येऊ नये म्हणून मधल्या भागावर हळूहळू वाजवत. ते हळूहळू वाजवणं ऐकत मी लशीची पेटी ज्वारीतच खाली ठेवली. वर्षभर मोबाइलवर जे ऐकत होते ते माझ्यासमोर बसून तंबाखू चोळत होतं.

त्या मानीबाई. मी विचारलं, हे वाजवायला कोणी शिकवलं?

"वाजवते कोण? मी पाखरं हाकलून राह्यली," त्या म्हणाल्या. "माह्या घरवाल्यानं आणली ही. थो जिनिंगवाल्याच्या क्लबात चौकीदार होता. क्लब बंद झाला, तं सायब त्याले म्हणे, अरे उकंडा, घेऊन जाय, इथं उंदरं खातेत. बाकीचं घरी हाय. पाहतं का?"

बाकीचं. आत्या, मी घरी गेले आणि दारातच चप्पल काढून उभी राहिले, देवळात राहावं तशी. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी चकाकणारी ड्रमची अंगं, वर खऱ्या वासराचं कातडं (ते मला बोटानं कळतं, पोट त्यावरच चालतं). तीन पायांच्या ड्रमवर पाण्याचा माठ. लहान ड्रम खुंटीला पालथा, त्याच्या खालच्या तारा शेळी जवळून गेली की आपोआप कुजबुजत. आणि पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमचं एका बाजूचं कातडं फाटलेलं, आत गवत, गवतावर कोंबडी, कोंबडीखाली अकरा अंडी. पंचवीस वर्षं तो संच तिथे कामाला होता आणि एकालाही आपण कोण आहोत हे माहीत नव्हतं.

मी काकांचं, चोवीस तारखेचं सांगितलं आणि एका दिवसापुरता संच मागितला. मानीबाईंनी तंबाखूची चिमूट गालात ठेवली. कोंबडी उठणार नाही, म्हणाल्या, पिल्लं निघायला आणखी बारा-तेरा दिवस. आणि ज्वारी उभी आहे तोवर झांज झाडावरून उतरणार नाही. "तुह्या काकालेच इकडं आण," म्हणाल्या.

म्हणून बावीस तारखेला काका काळीपिवळी जीपनं बोरीला आले, लग्नातला लाल कोट घालून. आम्ही माठ उतरवला, दोन ड्रम ज्वारीत नेले. मोठ्याच्या जागी मी टाच जमिनीवर मारत होते. झांज मात्र मानीबाईंच्याच हातात, कारण पाखरं त्या काठीला ओळखतात. काकांनी पहिली चाल धरली. दुसऱ्या ओळीला मानीबाईंनी मान न वळवता ती रेंगाळणारी काठी तिच्या खाली घातली, आणि मी हात थांबवून बसले. मला काही करायचंच उरलं नव्हतं. मग काकांनी डोळ्यानं दटावलं तेव्हा मी हळूच त्यांच्यात शिरले. पोपटांचा थवा आला, बाभळीवर बसला आणि तासभर दाण्यावर उतरला नाही. (बाई म्हणाल्या, बुचकळ्यात पडले असतील. मी तसं मानत नाही.) तिसरी चाल संपली. काकांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं, ओठ पुसला, त्यावर थोडं रक्त होतं. म्हणाले, "अब गये तो गये."

मानीबाई माळ्यावरून म्हणाल्या, "थांबले कायले? पाखरं येतेत नं."

आणि काकांनी पुन्हा वाजवलं. त्या तीन चालींपैकी एकही नव्हती, तिथेच सुचत होती. दुपार कलेपर्यंत आम्ही वाजवत होतो. मी एवढी लहान आणि एवढी भाग्यवान याआधी कधी नव्हते.

चोवीसला दात गेले. काका दर रविवारी बोरीला येतात, कोट घालूनच, आणि बोळक्या तोंडानं ती चाल गुणगुणतात. मी आणि मानीबाई खालून ताल धरतो. अकरापैकी नऊ पिल्लं निघाली, मोठा ड्रम मोकळा झाला. मानीबाई म्हणाल्या, "सारं घेऊन जाय, मले काय करायचं?" मी नाही म्हटलं. बाबांना दिलेला शब्द आहे, आणि खरं सांगायचं तर तो आवाज त्या निंबाखालचाच. मला काही हवं नाही, ऐकायला मिळालं हेच पुष्कळ. तुमच्या कानी घातलं, मन हलकं झालं.

तिथल्या थोरांच्या पाया पडते, लहानांचे गाल ओढते.

तुमची भाची,
उर्वशी

ता. क. मार्चमध्ये ज्वारी निघाली की झांज रिकामी होते. तुमची मागची खोली तशीही बंदच असते. मानीबाईंच्या पुतण्याचा ट्रॅक्टर होळीनंतरच्या सोमवारी यवतमाळला येतो आहे, पत्ता मी त्याला देऊन ठेवला आहे. खोलीतल्या गाद्या काढू नयेत, त्यानं आवाज शेजारी जात नाही. मी शब्द दिला तो आमच्या उंबऱ्याचा.

आणखी एक. घरी मी असं सांगितलं आहे की रविवार आला की तुम्हाला करमत नाही, अन्न गोड लागत नाही, म्हणून मी तुमच्याकडे येते. बाबा स्वतः मला यवतमाळच्या काळीपिवळीत बसवून देतात आणि मी बोरीला उतरते. आता त्यांना तुमची फार काळजी लागली आहे. येत्या रविवारी ते स्वतःच डबा घेऊन तुमच्याकडे निघाले आहेत. तेव्हा कृपा करून त्या दिवशी दोन घासांपलीकडे जेवू नये. डब्यात आईच्या हातच्या पुरणपोळ्या आहेत. तरीही.