सात नंबरच्या पट्ट्या

२ सप्टेंबर

आले एकदाची! वरच्या मजल्यावर मावशीचं घर, खाली तिची प्रयोगशाळा. म्हणजे नोकरीवर जायचं तर अठरा पायऱ्या उतरायच्या. आई गेल्यावर जिने माझ्या वेण्या घातल्या, अभ्यास घेतला, तिच्याच हाताखाली पहिली नोकरी, दुधात साखर. काका दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत असतात. दोन वर्षांपूर्वी झटका आला, तेव्हापासून बोलत नाहीत, असं मावशीने सांगितलं. रुजू होण्याचे कागद ढीगभर होते. मावशीने बोट ठेवलं तिथे मी सही ठोकत गेले. इथे काम करणाऱ्यांना दर सोमवारी लस घ्यावी लागते, आणि त्याआधी तपासणीसाठी रक्त द्यावं लागतं. दोन्ही मावशीनेच केलं. लहानपणी सुई बघून मी पलंगाखाली लपायचे, ते आठवून दोघी हसलो.

५ सप्टेंबर

इथले जुने तंत्रज्ञ प्रत्येक गोष्टीला 'सावकाश, सावकाश' म्हणतात, म्हणून त्यांचं नावच सावकाश पडलंय. त्यांनी काम शिकवलं. पेशीत निरोप हातोहात जातो. एका प्रथिनाला फॉस्फेट चिकटलं की ते जागं होतं आणि पुढच्याला जागं करतं. मावशीचं औषध वेदनेचा निरोप मध्येच अडवतं. दुखण्याने तळमळणाऱ्या रुग्णांसाठी आहे ते. ते लागू पडतंय का, हे रक्तपेशींतही कळतं. पेशींना डिवचायचं, फोडायचं, नमुना पंच्याण्णव अंशांवर तापवायचा, जेलच्या थरातून विजेने पळवायचा आणि कागदासारख्या पट्टीवर उतरवायचा. काळी रेघ उमटली तर प्रथिन जागं झालं, निरोप पोचला. रेघ फिकी पडली तर औषधाने काम केलं. माझ्याकडे एकाच माणसाचे नमुने आहेत. बाटलीवर नुसता आकडा, सात.

१७ सप्टेंबर

सात नंबरची रेघ निम्म्यावर आली. एकूण प्रथिन तेवढंच, पण जागं असलेलं कमी. मावशीने पट्टी उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली. सात नंबर फार गुणी आहे म्हणाली. मी म्हटलं, कोण असेल बिचारा, एकदा भेटायला हवं. सावकाश नळाखाली काचेची भांडी धूत होते. त्यांच्या हातातलं एक फुटलं.

२४ सप्टेंबर

आज एक विचित्र प्रकार झाला. काहीतरी जळल्याचा वास आला, म्हणून मी यंत्रांच्या वायरी तपासल्या. मग खाली पाहिलं. नमुने तापवायच्या ठोकळ्यावर माझाच डावा तळहात टेकलेला होता. उचलला तर कातडी ठोकळ्यालाच राहिली. दुखलं नाही. जराही नाही. मावशीने मलम लावलं. हात किती सेकंद होता, हे तिने दोनदा विचारलं.

२६ सप्टेंबर

डाव्या हाताला सुई टोचून पाहिली. कोपरापर्यंत काही नाही. दुपारी मावशी बाहेर गेल्यावर स्वतःचं रक्त काढलं. ताडून बघायला सावकाशांकडे त्यांचं थोडं रक्त मागितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही, गपचूप बाही वर केली.

२७ सप्टेंबर

त्यांची रेघ कोळशासारखी काळी. माझ्या जागी कोरी पट्टी.

सावकाशांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. आत मावशीची वही. सात नंबर : सुरुवात २ सप्टेंबर, मात्रा दर सोमवारी. माझं वजन. माझी जन्मतारीख. संमतीपत्रावर माझी सही, आईने शिकवलेल्या वळणाची. शेवटची नोंद मावशीच्या अक्षरात : 'तळहात भाजला. अंदाजे चाळीस सेकंद. प्रतिक्रिया नाही. उत्तम.'

उत्तम.

मागचं पान उलटलं. सहा नंबर. तिथे काकांची सही होती.

३० सप्टेंबर

आज मावशीने वर घरातच सिरिंज भरली तेव्हा मी वही तिच्यासमोर टाकली. ती चिडली नाही. परकी माणसं अर्ध्यात सोडून जातात, घरचं माणूस टिकतं, म्हणून तुला बोलावलं, असं म्हणाली. काकांच्या वेळी मात्रा चुकली, तुझ्या वेळी मी जपतेय म्हणाली. आणि दुखत नाही ना तुला, मग तक्रार कसली, असं माझी बट कानामागे सारत विचारलं.

मी धावत सुटले. पायाखाली पायरी आहे की नाही, हे कळलंच नाही. खाली पडले तेव्हा पाऊल भलतीकडे वळलेलं दिसलं. फक्त दिसलं.

१ ऑक्टोबर

तिनेच उचलून वर आणलं. चालता येत नाही. सावकाशांना तिने कामावरून काढलं. बाबांना फोन लावला, पण तिचा आधीच गेला होता. कामाच्या ताणाने पोरीला भास होतायत, असं सांगितलंय. बाबा म्हणाले, ती तुला आईच्या जागी आहे, असं वेडंवाकडं बोलू नये. ते येतायत. आले की हात दाखवीन. हात बघितल्यावर तरी —

३ ऑक्टोबर

गेले दहा दिवस सुई नाही, तरी बधिरपणा उतरत नाही. चढतोय. आता खांद्यापर्यंत.

काकांसमोर बसवलंय मला. त्यांच्या उघड्या डोळ्यावर माशी बसली. बुबुळावर चालली. पापणी हलली नाही. पण दुसरा डोळा माझ्याकडे वळला —

ते आत आहेत. सगळं कळतंय त्यांना.

४ ऑक्टोबर

बाबा आलेत. बाहेरच्या खोलीत तिच्याशी बोलतायत. आल्याआल्या त्यांना हात दाखवला. ते रडले. म्हणाले, स्वतःला जाळून घेतलंस गं.

वही दाखवायला सांगितली. मावशी म्हणाली, कुठली वही.

आत आले दोघं. बाबा म्हणतायत एकच इंजेक्शन, झोप लागेल. डावी बाही तेच वर करतायत. लिहू दे म्हटलं, तर लिही म्हणाले.

बाबांनी माझा दंड घट्ट धरलाय. त्यांची बोटं रुतलेली दिसतायत. मला त्यांचा हात —