आयदायच्या छातीतली शीळ

२ मार्च

आज पुन्हा दवाखान्याची चढण चढले. गावाची थोरली ताई, नर्स कुलीपा एजे दारातच म्हणाली, "पोरी, तुझे बूट झिजतील आणि माझे कान! घे हा जुना स्टेथोस्कोप. घरी रोज तूच ऐक." नर्स असून देऊन टाकला! कानात घालायची एक गुंडी तुटली आहे. तिथं बाटलीचं रबरी बूच कोरून बसवलं. विकत काही आणावं लागलं नाही.

घरी येऊन लेकीच्या, आयदायच्या छातीला लावला. या अल्ला! धडधड तर आहेच, पण मध्येच शूऽऽ — दाराच्या फटीतून वारा शिरावा तसं. दहा महिन्यांच्या जिवात एवढा वारा कुठून? डॉक्टर म्हणाले होते, हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. मे महिन्यात नारिन शहरात यंत्रावर बघणार. लहान झालं तर ठीक. नाहीतर राजधानीत नेऊन छाती उघडायची.

भोक ऐकू येतं हे मला माहीतच नव्हतं.

५ मार्च

एकटीचंच ऐकून काय कळणार? ताडून बघायला दुसरं नको? आज सगळं घर ऐकलं. ह्यांचं भक्कम — तंबूची मेख ठोकावी तसं. "काय सापडलं?" म्हणाले. म्हटलं, "काही नाही, घर रिकामंच आहे!" घोडीच्या छातीला लावायला गेले तर तिनं नळीच चावली. सासूबाई आपण होऊन पुढे आल्या. "ऐक केलिन, सून ना तू माझी? तुझा सासरा गेला, पण त्याचा घोडा अजून तिथं दौडतोय." खरंच दौडत होता!

शीळ मात्र कुणाच्याच छातीत नाही.

चहाच्या वेळी सासूबाई म्हणाल्याच — "आमच्याकडच्या सात पिढ्यांची नावं मला पाठ आहेत. कुणाच्या काळजाला भोक नव्हतं हो." म्हणजे माझ्या माहेराला होतं! मी चहाच्या वाट्या भरत राहिले.

६ मार्च

बिस्मिल्ला म्हणून औषध दिलं. निम्मं पोटात, निम्मं माझ्या बाहीवर.

१५ मार्च

पाळण्यावरून वाजलं. डॉक्टरांनी सांगितलंय, छाती आवळायची नाही. सासूबाईंचं म्हणणं, "न बांधलेलं मूल वाकडं वाढतं. तुझा नवरा याच बेशिकच्या पाळण्यात पट्ट्यांनी बांधून वाढला." म्हटलं, "आपा, पाय बांधा, छाती मोकळी ठेवा." फुरंगटल्या. मी दोन्ही रीतींनी ऐकून पाहिलं. शीळ तीच! पण मोकळी असली की नाकपुड्या फुगत नाहीत, कपाळावर घाम कमी. सासूबाई खांबाआडून बघत होत्या.

१६ मार्च

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या — "मी तर बाई छातीचा पट्टा सैलच ठेवते. हल्लीच्या पोरींना कुठं कळतं!"

हसू आवरत पीठ मळलं.

२२ मार्च

काल नवरोज. आयदायला सुमोलोकच्या खिरीचं बोट चाटवलं. गव्हाचं असून एवढं गोड कसं, या विचारात तिनं भुवया वर केल्या. दूध मात्र अजून तसंच — चार घोट, मग दम, मग घाम, मग पुन्हा दोन घोट. मी घाई करत नाही. थोडं थोडं, पुष्कळदा. लोकर तोलायच्या काट्यावर तोलली. चढलंय वजन! सासूबाईंनी लगेच तिच्या कपाळाला काजळी फासली आणि मला दटावलं, "मोठ्यानं बोलू नकोस."

११ एप्रिल

शीळ मोठी झाली आहे.

सकाळी वाटलं, बूच सैल झालं असेल. घट्ट केलं. तरी तेच. पूर्वी वाऱ्यासारखी होती, आता किटलीसारखी. पोरगी तर हसतेय, माझ्या वेणीला लोंबकळतेय! भोक वाढलं का? कुणाला बोलले नाही. नमाजात दोनदा चुकले.

१३ एप्रिल

राहवेना. आयदायला शालीत बांधून कुलीपा एजेकडे पळत गेले. तिनं बराच वेळ ऐकलं. मग मला ओढत अंगणात नेलं आणि झाडांना पाणी घालायची नळी माझ्या हातात दिली. "तोंडावर अंगठा दाब." दाबला. "अजून." पाणी किंचाळायला लागलं! एजे म्हणाली, "बघ. वाट मोठी तेव्हा पाणी गुपचूप जातं. वाट अरुंद झाली की ओरडतं. भोक लहान, बोंब मोठी."

"म्हणजे बुजतंय?"

"मला तसं वाटतं. मी डॉक्टर नाही. यंत्र काय म्हणतं ते बघू."

शाळेत भौतिकशास्त्रात मला पाचपैकी पाच होते. हे का नाही सुचलं! भिजून घरी आले. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात गेलीस की नदीत?"

६ मे

नारिनला जाऊन आलो. यंत्राच्या पडद्यावर तिचं हृदय बघितलं — माशाच्या तोंडासारखं उघडमिट. डॉक्टर म्हणाले, भोक बरंच लहान झालंय, छाती उघडायची नाही. अल्हम्दुलिल्ला! हे बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मी विचारलं, "आणि उरलेलं बुजलंच नाही तर?"

"एवढंसं राहिलं तर राहू दे. माणसं ते घेऊन म्हातारी होतात. लेकरंबाळं होतात."

"अशी कोण? एक तरी दाखवा मला."

ते हसले. "ती दवाखान्यात येतच नाहीत, ताई."

हे काही उत्तर झालं?

८ मे

दुपारी आयदाय झोपली. नळी पुसून ठेवत होते. मनात आलं, घोडीलासुद्धा नळी लावायला गेले, माझी छाती तेवढी राहिली की! बाळंतपणातही सगळ्यांनी पोटच ऐकलं.

लावली. शूऽऽ.

आयदायचीच असेल म्हणून लांब कोठारात जाऊन पुन्हा लावली. तीच. तिच्याहून बारीक, तिच्याहून खणखणीत.

एकतीस वर्षं! पाण्याच्या बादल्या, वरची कुरणं, बाळंतपण — सगळं ही घेऊन.

सासूबाईंना सांगेन. ह्यांनाही. आधी आयदायला. उठू दे.